पडद्यावरील पान आणि अक्षराची मोजणी

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारे येथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक भग्न खंड सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगाव येथे आणखी एका शासनाचा खंड मिळाला. ही दोन्ही स्थळे आज पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात मोडतात. सोपाऱ्याच्या खंडावर ब्राह्मी लिपीतील थोडीच अक्षरे शिल्लक राहिली आहेत; तरीही तो आठव्या शासनाचा भाग आहे हे निश्चित करता आले, कारण तोच मजकूर गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणी पुष्कळ अंशी पूर्ण स्वरूपात उपलब्ध होता. अंधाऱ्या दालनाच्या झरोक्यातून आतील वस्तूंपैकी एखाददुसरी दिसावी, त्याप्रमाणे या खंडातून एका दीर्घ मजकुराचा अल्प भाग वाचकासमोर येतो. वर काय होते आणि खाली काय होते, हे अन्य साधनांवरून ठरवावे लागते.

संगणकाच्या टर्मिनलवर दीर्घ मजकूर वाचणाऱ्याची स्थिती वस्तुतः याहून फारशी निराळी नसते. पडदा चोवीस रांगांचा आणि मजकूर चोवीसशे ओळींचा, असा प्रसंग नित्याचा असतो. अशा वेळी मजकूर पानापानाने थांबवून दाखविणारी जी लहानशी आज्ञावली लागते, तिला त्या क्षेत्रात 'पेजर' म्हणतात. ती कोणीही नवशिक्या पंचवीस-तीस ओळींत लिहू शकतो, असा समज आहे आणि तो रोमन लिपीपुरता बव्हंशी खराही आहे. मजकूर मराठी असला की मात्र तीच आज्ञावली अडखळू लागते. ती का अडखळते हे समजण्यासाठी टर्मिनलचा इतिहास आणि आपल्या लिपीचा इतिहास हे दोन्ही एकत्र पाहावे लागतात. (इंग्रजीत लिपीला आणि अशा आज्ञावलीला एकच शब्द आहे, 'स्क्रिप्ट'. हा निव्वळ योगायोग. परंतु प्रस्तुत विषयात या दोन अर्थांची गाठ खरोखरीच पडते.)

लेखनाचे साधन सलग असावे की सुटे, हा प्रश्न संगणकापूर्वीही होताच. पोथीची पाने सुटी, आडवी आणि लांबट असत. पत्राच्या समासात क्रमांक घातलेला असे, आणि तो पृष्ठाचा नसून पत्राचा असे. पान उलटणे ही वाचकाने हेतुपूर्वक करावयाची क्रिया होती. याउलट मोडीतील पुष्कळ लांब कागद एकाला एक बंद जोडून सिद्ध केलेले असत आणि ते गुंडाळून ठेवले जात. तेथे पान नाहीच. वाचणारा एका हाताने उलगडतो व दुसऱ्या हाताने गुंडाळतो, आणि डोळ्यासमोर किती भाग असावा हे त्याचे हातच ठरवितात. टर्मिनलची वाटचाल या गुंडाळीकडून पानाकडे झालेली आहे, आणि तीही अवघ्या पंधरा-वीस वर्षांत.

'टेलिटाइप' कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र १९६३ मध्ये बाजारात आले. त्यात कागदाची अखंड गुंडाळी असे. ओळीत ७२ अक्षरे बसत व सेकंदाला १० अक्षरे उमटत. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकारास आलेली युनिक्स प्रणाली प्रारंभी अशाच कागदी यंत्रांवर वापरली जात असे. तिच्या आज्ञांची नावे दोन-तीन अक्षरी का आहेत, याचेही कारण पुष्कळ जण या यंत्राच्या मंद गतीत शोधतात. मजकूर किती वेळ थांबवावा हा प्रश्न या यंत्रावर उद्भवतच नव्हता. दहा अक्षरांच्या गतीने उमटणारा मजकूर कोणाही वाचकाला डोळ्याने सहज गाठता येई, आणि निसटलेली ओळ कागदावर कायमची उमटलेली असे.

काचेचा पडदा आल्यावर हे दोन्ही आधार सुटले. 'डिजिटल' कंपनीचे 'व्हीटी-१००' टर्मिनल १९७८ मध्ये आले. त्याच्या नेहमीच्या पडद्यावर ८० रकाने व २४ रांगा असत. ८० हा आकडा १९२८ पासून प्रचारात असलेल्या आय. बी. एम.च्या छिद्रपत्राचाही आहे. चोवीस गुणिले ऐंशी म्हणजे १९२० घरे. टेलिटाइपच्या गतीने एवढी घरे भरावयास तीन मिनिटांहून अधिक काळ लागला असता. सेकंदाला ९६० अक्षरे पाठविणाऱ्या तारेवर तेच काम दोन सेकंदांत होऊ लागले. पडदा भरला की वरची रांग नाहीशी होई आणि ती परत आणण्याचा उपाय नसे. वाचक 'कंट्रोल' कळीसह 'एस' दाबून प्रवाह रोखीत आणि 'क्यू' दाबून तो पुन्हा सोडीत. परंतु बोट वेळेवर पडले नाही तर चार-सहा ओळी गेल्याच म्हणून समजावे.

या अडचणीवरील प्रसिद्ध उपाय बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात निघाला. तेथील विद्यार्थी डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८ मध्ये 'मोअर' नावाची आज्ञावली लिहिली. पडदा भरला की तळाशी 'आणखी' या अर्थाचा हाच शब्द दाखवून ती थांबे आणि कळ दाबल्यावर पुढील पान दाखवी. ही सूचना मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेच्या 'आयटीएस' प्रणालीत त्यापूर्वीच रूढ होती. हॅल्बर्ट यांनी ती स्वतंत्र आज्ञावलीच्या रूपाने युनिक्समध्ये आणली. पुढे एरिक शिएनब्रूड व जेफ पेक यांनी तिच्यात भर घातली. प्रत्यक्ष बेल प्रयोगशाळेच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'मोअर' नव्हते. तेथील मंडळींची दृष्टी निराळी होती, आणि ब्रायन कर्निगन व रॉब पाइक यांच्या १९८४ च्या युनिक्सविषयक पाठ्यग्रंथात ती स्पष्ट दिसते. त्यात 'पी' नावाचा एक छोटा पेजर विद्यार्थ्यांसमोर टप्प्याटप्प्याने रचून दाखविलेला आहे. त्याचे पान बावीस ओळींचे. ही संख्या चोवीस रांगांच्या पडद्यात सुखाने मावते आणि सहासष्ट ओळींच्या छापील कागदाचा नेमका तिसरा हिस्साही असते. जुन्या कागदाचे माप नव्या काचेवर असे टिकून राहिले.

पाठ्यग्रंथातील त्या छोट्या रचनेत एक मर्म आहे, जे नवशिक्याच्या ध्यानात प्रथम येत नाही. पेजरकडे मजकूर बहुधा दुसऱ्या आज्ञावलीकडून नळीवाटे येतो. वाचकाची कळही त्याच वाटेने ऐकावयाची ठरविली, तर कळीऐवजी मजकुराचीच पुढील ओळ गिळली जाते, आणि दर पानाला एक ओळ बेपत्ता होते. यासाठी कळ ऐकण्याकरिता टर्मिनलचे दार स्वतंत्रपणे उघडावे लागते. युनिक्समध्ये त्या दाराचे नाव 'डेव्ह-टीटीवाय' असे आहे. पडद्याच्या रांगा व रकाने विचारणाऱ्या 'एसटीटीवाय' या आज्ञेलाही त्याच दाराने जावे लागते.

'मोअर'ची उणीव अशी की नळीवाटे आलेल्या मजकुरात तिला मागे जाता येत नसे. मार्क न्यूडेलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात 'लेस' ही आज्ञावली लिहून ती दूर केली. 'मोअर' म्हणजे अधिक आणि 'लेस' म्हणजे उणे. मागे जाणाऱ्या आज्ञावलीला उलट अर्थाचे नाव दिले गेले. या शाब्दिक कोटीपलीकडे कामही मोठे होते, कारण मागे जाण्यासाठी आलेला मजकूर स्मृतीत साठवावा लागतो. वाचून झालेली पाने हाताशी ठेवणाऱ्या पोथीची सोय पडद्याला येथे लाभली.

आता साध्या पेजरची घडण पाहू गेल्यास ती पुढीलप्रमाणे आहे. प्रथम पडद्याच्या रांगा व रकाने विचारून घ्यावेत. मजकूर पडद्याकडे न जाता फायलीत जात असेल, तर न थांबता तो तसाच पुढे सोडावा. एरव्ही एकेक ओळ वाचून ती पडद्याच्या किती रांगा व्यापील हे काढावे, आतापर्यंतच्या बेरजेत ती संख्या मिळवावी, आणि बेरीज उपलब्ध रांगांहून अधिक होऊ लागली की थांबून कळीची वाट पाहावी. शेवटची रांग सूचनेसाठी राखून ठेवावी. एवढेच. सर्व भार 'किती रांगा व्यापील' या एका प्रश्नावर आहे.

नवशिक्या बहुधा हा प्रश्न टाळतो आणि एक ओळ म्हणजे एक रांग असे धरतो. पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीमशी निगडित असलेल्या आणि वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'चे उदाहरण घ्यावे. तिच्यात गद्य व पद्य या दोहोंचा समावेश आहे. असा ग्रंथ टंकित करून फायलीत घातला, तर पद्याचा चरण हा ऐंशी रकान्यांत सहज मावणारी एकेक ओळ होते. गद्याचा परिच्छेद मात्र, हल्लीच्या टंकनपद्धतीप्रमाणे, कितीही लांब असला तरी अखंड एकच ओळ होतो. पद्यभागात हा पेजर निर्दोष वाटेल. गद्यात एखादा परिच्छेद १६०० घरांचा आहे असे मानल्यास तो वीस रांगा व्यापतो. असे बावीस परिच्छेद एका 'पाना'त दाखविले म्हणजे ४४० रांगा पडद्यावरून धावतील, आणि वाचकाला त्यांपैकी शेवटच्या २३ दिसतील. आजच्या टर्मिनलची खिडकी गेलेल्या रांगांपैकी काही मागे जपून ठेवते हे खरे. पण आपण काही गमावले आहे हे वाचकाला आधी कळावे तर लागते. पान भरलेले दिसते, सूचना तळाशी असते, वाक्यही कोठूनतरी चालू असते. बखरीसारख्या ग्रंथात वगळलेला मजकूर ध्यानात न येणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. संहितेचा अभ्यासक ज्या दोषाला सर्वांत अधिक भितो, तो हाच.

म्हणून ओळीची लांबी मोजणे अपरिहार्य ठरते, आणि येथेच देवनागरीचा प्रश्न उभा राहतो. हॅल्बर्ट, कर्निगन व पाइक यांच्या आज्ञावल्या ज्या काळी लिहिल्या गेल्या, त्या काळी तेथे एक अक्षर, एक बाइट आणि पडद्याचे एक घर या तिन्ही गोष्टी एकच होत्या. कोणतीही मोजली तरी उत्तर तेच. ही एकरूपता म्हणजे निसर्गनियम नव्हे. ती रोमन लिपीच्या टंकलेखन यंत्राची परंपरा होती.

भारतीय लिपी पडद्यावर आणण्याचे प्रयत्न त्याच सुमारास कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत चालू होते. तेथील काम पुढे पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेत आले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने 'जिस्ट' तंत्र प्रचारात आणले. त्याचे एक कार्ड संगणकात बसविले म्हणजे केवळ रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही मराठी मजकूर लिहिता-वाचता येत असे. युनिक्सच्या बहुजनवापरी यंत्रांसाठी 'जिस्ट' टर्मिनलेही निघाली. अक्षरजुळणीचा भार तेथे यंत्रभागाने उचलला होता. संकेतांसाठी 'इस्की' ही पद्धती होती व भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये तिला मानकाचे रूप दिले. तीत मराठी वर्ण वा मात्रा एका बाइटात मावे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिने देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली. पुढल्या वर्षी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही बाइटांची रचना सिद्ध केली. तीत रोमन अक्षर एका बाइटाचेच राहिले आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा झाला. पाठ्यग्रंथात बावीस ओळींचा पेजर रचणारे पाइक ते हेच. त्यांच्याच दुसऱ्या कृतीने पहिलीचा हिशेब मोडला, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

वसईच्या पूर्वेकडील डोंगरात असलेल्या तुंगारेश्वराचे नाव या दृष्टीने तपासावे. 'तुंगारेश्वर' या शब्दात तुं, गा, रे, श्व, र अशी पाच अक्षरे आहेत; कोणीही मराठी माणूस ती बोटांवर मोजून दाखवील. युनिकोडच्या हिशेबाने मात्र त्यात अकरा संकेत आहेत, कारण उकार, अनुस्वार, काना, मात्रा आणि हलन्त चिन्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. बाइट मोजले तर ते तेहतीस भरतात. टर्मिनल आणखी चौथाच आकडा सांगते. मार्कस कून यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रसृत केलेल्या आणि व्यापकपणे स्वीकारल्या गेलेल्या नियमानुसार वर किंवा खाली बसणाऱ्या चिन्हांना घर मिळत नाही, शेजारी बसणाऱ्यांना एक मिळते. म्हणून काना, वेलांटी व ओकार यांना एकेक घर. उकार, एकार, अनुस्वार व हलन्त यांना शून्य. त्या हिशेबाने 'तुंगारेश्वर' सात घरांचा आहे. पाच, सात, अकरा, तेहतीस: शब्द एक आणि मापे चार.

यांपैकी कोणते माप पेजरने धरावे? बाइट धरल्यास रांगांची संख्या फुगते व पान तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरूनच थांबते. वाचक वैतागतो, पण काही गमावीत नाही. परिच्छेदाला एक रांग धरणारा पेजर याच्या उलट वागतो आणि मजकूर गिळतो. चुकावयाचेच असेल तर अधिक मोजून चुकावे, हे उघड आहे. 'बॅश' या शेलमध्ये ओळीची लांबी विचारली असता मिळणारे उत्तरही प्रदेशविषयक मांडणीवर अवलंबून असते. ती मांडणी 'यूटीएफ-८' ची असेल तर अकरा, जुनी असेल तर तेहतीस. मांडणी चुकल्यास 'लेस'ही आपली असमर्थता झाकून ठेवीत नाही. 'वसई' हा तीन अक्षरांचा शब्द ती कोनी कंसांतील नऊ सांकेतिक जोड्यांच्या रूपाने, एकूण छत्तीस घरे व्यापून, दाखविते. असे पान वाचता येत नाही, परंतु त्यात लबाडीही नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला स्वाभाविकपणे अक्षर हेच खरे माप वाटेल. तथापि रांगांच्या मोजणीत ते उपयोगी पडत नाही. मजकूर पुढील रांगेत केव्हा वळवावयाचा हे टर्मिनल आपल्याच घरांच्या हिशेबाने ठरविते. तो हिशेब भाषेच्या दृष्टीने सदोष असला तरी पडद्यावर त्याचाच अंमल चालतो. पेजरने पाच अक्षरे मोजली आणि टर्मिनलने सात घरे दिली, तर परिच्छेदाच्या शेवटी दोघांच्या बेरजांत काही रांगांचे अंतर पडते, आणि ते अंतर मजकूर गमावण्याच्या बाजूचे असते. म्हणून येथे टर्मिनलचीच भाषा बोलावी लागते. ग्नू प्रणालीतील 'डब्ल्यूसी' या आज्ञेला मोठ्या 'एल'चा पर्याय दिल्यास ती सर्वांत लांब ओळीची रुंदी घरांत सांगते, आणि साध्या पेजरला तेवढे पुरते. त्या संख्येस रकान्यांनी भागून अपूर्णांक वरच्या पूर्णांकात घ्यावा, म्हणजे रांगांची संख्या मिळते.

ओळ कोठे तोडावी, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे टर्मिनलचे ऐकून चालत नाही. टर्मिनलला ऐंशीवे घर संपले एवढेच कळते. 'श्व'मधील शकार एका रांगेच्या शेवटी आणि वकार दुसरीच्या आरंभी पडला, तरी त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. ओळी दुमडणारी 'फोल्ड' ही जुनी आज्ञा तर बाइटच मोजत असे. ऐंशी बाइटांत देवनागरीचे सव्वीस संकेत मावतात आणि दोन बाइट उरतात. सत्ताविसाव्या वर्णाचे अशा रीतीने दोन तुकडे होऊन दोन्ही रांगांत निरर्थक चिन्हे उमटत.

मोडीचा कारकून प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे टांगीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नसल्याने रेघ संपेल तेथे शब्द तुटे. अशोकाच्या शिलालेखांतही ओळ शब्दाच्या मध्येच संपलेली अनेकदा आढळते. परंतु स्वरचिन्ह व्यंजनापासून तुटून पुढील ओळीत गेले आहे, असे तेथे होत नाही. ब्राह्मीत इकार, उकार हे व्यंजनाच्या अंगालाच जडलेले असतात. ते निराळे करून खोदावयाचे ठरविले तरी पाथरवटाला तसे करता येणार नाही. अक्षर अविभाज्य असण्याची ही सवय भारतीय लेखनात दोन सहस्र वर्षांहून जुनी आहे, आणि सोपाऱ्याचा खंड हा तिचा कोकणातील अतिप्राचीन पुरावा होय. हल्ली शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली जाते. पेजरने तिचा लाभ घेऊन, टर्मिनलने ओळ तोडण्यापूर्वीच ती शब्दान्ती तोडावी, म्हणजे अक्षर तुटण्याचा प्रसंगच येत नाही. चार-पाच ओळींची भर घालून हे साधते. ऐंशी घरांहून लांब असा एकच शब्द आला तरच अक्षराचा प्रश्न उरतो, आणि मराठीत समासप्रिय लेखकांची वाण नसली तरी इतका लांब शब्द विरळाच.

अक्षर म्हणजे काय, याची व्याख्या युनिकोडनेही दिलेली आहे; मात्र ती पुष्कळ वर्षे आपल्या जोडाक्षरांना लागू पडत नव्हती. तिच्यानुसार व्यंजन व मात्रा यांची जोडी एक एकक मानली जाई, पण हलन्त चिन्हानंतर फट पाडण्यास मुभा असे. त्यामुळे 'अर्नाळा' किंवा 'निर्मळ' या वसई परिसरातील गावांच्या नावांतील रेफ पुढील व्यंजनापासून वेगळा मोजला जाई आणि 'क्ष' हे दोन एककांचे ठरे. अनेक चिन्हे जोडून केलेली मानवी कुटुंबांची चित्रे २०१६ च्या नवव्या आवृत्तीतच अविभाज्य मानली गेली होती. देवनागरीच्या जोडाक्षरांना तो मान मिळण्यास सप्टेंबर २०२३ मधील १५.१ ही आवृत्ती यावी लागली. ही सुधारणा अक्षराच्या सीमांपुरती आहे. घरांची मोजणी अद्यापि पुष्कळ ठिकाणी संकेतागणिक चालते, आणि तीत 'क्ष' दोन घरांचाच आहे.